तबकड्या मोजताना

मोटारींच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांचे डोळे बहुधा बाहेरच्या आकारावर खिळलेले असतात. बॉनेट, दिवे, मडगार्डची वळणे. कारखान्यात एखादी गाडी घडत असताना काय काय बदलले, हे शोधायचे असेल तर मात्र आत डोकवावे लागते. बाहेरचा पत्रा ठोकण्याचे साचे फार महाग असल्यामुळे तो आकार लवकर पक्का होतो. डॅशबोर्ड, आसने, दारांच्या मुठी, बटणे यांच्यात शेवटच्या महिन्यांपर्यंत फेरफार चालू असतात. म्हणून प्रोटोटाइप, म्हणजे उत्पादनापूर्वीची नमुना-गाडी, ओळखण्याची सर्वांत बोलकी जागा म्हणजे तिचे अंतरंग. पण हे अंतरंग फसवतेही. मी कसा फसलो, ते या लेखात सांगणार आहे.

माझ्या अभ्यासाचा विषय पोर्श 911. ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती सप्टेंबर 1963 मध्ये, फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात. तेव्हा तिचे नाव 901 होते. विक्रीसाठीचे उत्पादन त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर 1964 मध्ये सुरू झाले. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, आणि 901 ची 911 झाली. प्रदर्शन आणि उत्पादन यांच्यामधले हे एक वर्ष संशोधकासाठी सोन्याचे. त्या काळात गाडीचे नाव बदलले, आणि डॅशबोर्डही बदलला.

फ्रँकफुर्टच्या गाडीत चालकासमोर दोन मोठ्या गोल तबकड्या होत्या. विक्रीला आलेल्या 911 मध्ये त्यांच्या जागी पाच आल्या. त्यांच्या कडा एकमेकींत किंचित शिरलेल्या, आणि मधोमध सर्वांत मोठी तबकडी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी. ही पाचांची ओळ पुढे पोर्शची ओळखच बनली. त्यामुळे जुन्या छायाचित्रात दोन तबकड्या स्पष्ट दिसल्या, तर आपण उत्पादनाआधीच्या गाडीत बसलो आहोत असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

काही वर्षांपूर्वी जुन्या परदेशी मासिकांच्या गठ्ठ्यात मला एक कृष्णधवल छायाचित्र मिळाले. गाडीची आतली बाजू, डावीकडे सुकाणू, खाली मथळा नाही. त्यात तबकड्या होत्या तीन. मी हरखून गेलो. दोन, मग तीन, मग पाच! उत्क्रांतीची मधली पायरी हाती लागली असे मला वाटले. मी एक टिपण लिहिले आणि ते जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका पत्रिकेत छापून आले. 'मधल्या टप्प्यातील प्रोटोटाइप' हे शब्द माझेच.

सहा महिन्यांनी एका अपरिचित गृहस्थांचे पत्र आले. त्यांना एक सुटा डॅशबोर्ड विकत घ्यायचा होता, तीन तबकड्यांचा. विकणारा माझ्या टिपणाचा हवाला देऊन प्रोटोटाइपची किंमत मागत होता. गृहस्थांनी एवढेच विचारले होते, "पैसे देऊ का?"

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. आपण हौसेने लिहितो तेव्हा चूक झाली तर फार तर कोणीतरी हसेल, अशी आपली समजूत असते. इथे माझ्या शब्दावर दुसऱ्याचे पैसे जाणार होते. उत्तर देण्याआधी मी ते छायाचित्र पुन्हा काढले आणि पहिल्यांदा करायला हवे होते ते काम दुसऱ्यांदा केले.

पहिली पायरी म्हणजे चित्र उलटे छापलेले नाही ना, हे पाहणे. छपाईत निगेटिव्ह उलटी लागली की डावीकडचे सुकाणू उजवीकडे जाते आणि अभ्यासक नसलेल्या गाडीचा शोध लावतो. भिंगाखाली आकडे सुलटे दिसले. म्हणजे चित्र बरोबर होते.

दुसरी पायरी म्हणजे हातकामाच्या खुणा शोधणे. नमुना-गाडीत बऱ्याच वस्तू हाताने बनवलेल्या किंवा दुसऱ्या गाडीतून उचललेल्या असतात. जोडातली फट कमीजास्त असते, शिवण सरळ जात नाही, कुठे बुजवलेले भोक दिसते. माझ्या चित्रात यातले काहीच नव्हते. सगळे नीटनेटके, साच्यातून निघालेले. हे मला पहिल्या वेळीही दिसले होते. 'पोर्शची कारागिरीच तशी' म्हणून मी ते सोडून दिले होते.

तिसरी पायरी आकड्यांची. फेऱ्यांच्या तबकडीवर धोक्याचा लाल पट्टा असतो. कृष्णधवल चित्रात तो करड्या कमानीसारखा दिसतो. 911 च्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी तो जिथून सुरू व्हायला हवा, त्याच्या बराच आधी या चित्रात सुरू होत होता. म्हणजे या गाडीचे इंजिन इतके वेगाने फिरणारे नव्हते. शिवाय सुरुवातीच्या 911 मध्ये डॅशबोर्डवर लाकडाची पट्टी असे. इथे नुसता रंगवलेला पत्रा होता.

मग उलगडा झाला. ही गाडी 911 नव्हतीच. ती 912 होती. 1965 मध्ये पोर्शने त्याच बॉडीत, जुन्या 356 मालिकेतून आलेले 1582 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन बसवून ही स्वस्त गाडी बाजारात आणली. 911 चे इंजिन 1991 सीसी आणि 130 अश्वशक्तीचे, तर 912 चे 90 अश्वशक्तीचे. किंमत कमी ठेवायची म्हणून सुरुवातीच्या 912 मध्ये तीनच तबकड्या दिल्या होत्या. पाच हव्या असतील तर जादा पैसे मोजावे लागत. माझी 'मधली पायरी' पाच तबकड्यांच्या नंतरची निघाली, आणि तिचे कारण होते काटकसर. आकडे चढत्या क्रमाने मांडले की काळही त्याच क्रमाने गेला असेल असे मी गृहीत धरले होते.

मी गृहस्थांना कळवले, 'प्रोटोटाइपचे पैसे देऊ नका.' पत्रिकेलाही दुरुस्ती पाठवली. ती छापून आली, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. मूळ टिपणाच्या छायाप्रती मात्र अजून हातोहात फिरत असतील.

या चुकीनंतर मी माझ्यासाठी चार कप्पे केले. प्रोटोटाइप, उत्पादनपूर्व गाडी, उत्पादनातली सुरुवातीची गाडी, आणि स्वस्त किंवा ग्राहकाच्या मागणीनुसार केलेली गाडी. चित्रातली वेगळी गोष्ट या चारांपैकी कुठलीही असू शकते. जग्वार ई-टाइपचे उदाहरण घ्या. ही गाडी मार्च 1961 मध्ये जिनिव्हात जाहीर झाली. सुरुवातीच्या गाड्यांत पाय ठेवायची जमीन सपाट होती. पायांना जागा अपुरी पडते म्हणून 1962 च्या सुरुवातीला तिथे खोलगट भाग दिला गेला. सपाट जमीन दिसली की 'प्रोटोटाइप!' म्हणून उडी मारण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ती गिऱ्हाइकांनी रीतसर विकत घेतलेली, फक्त आधीची गाडी असते. मधल्या कन्सोलवरचा ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्राही तसाच. तो काही काळ उत्पादनात होता आणि नंतर गेला.

याचा तोटा फक्त पैशांचा नाही. जुनी गाडी पूर्ववत करणारा कारागीर छायाचित्र समोर ठेवून काम करतो. चित्राखालचा मथळा चुकला, तर तो अस्सल भाग काढून टाकतो आणि कधीच नसलेला भाग नव्याने घडवतो. मग त्या गाडीचे छायाचित्र निघते, ते छापले जाते, आणि पुढच्या अभ्यासकासाठी तेच पुरावा होते. चुकीला असे चाक लागले की थांबवणे अवघड.

आता मी छायाचित्र हाती आले की आधी एका कागदावर फक्त दिसते ते लिहितो. तबकड्या किती, आकडे कुठले, पत्रा रंगवलेला की लाकूड लावलेले. गाडीचे नाव त्या कागदावर सर्वांत शेवटी येते, आणि अनेकदा ती ओळ कोरीच राहते. त्या तीन तबकड्यांच्या छायाचित्रामागे मी पेन्सिलने '912' लिहून ठेवले आहे. त्याखाली माझे जुने तीन शब्द आहेत, एका रेघेने खोडलेले, पण वाचता येतील असे.