एच-ओ की एच-टू-ओ? : पन्नास वर्षे चाललेला एक हिशेब

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अणू, रेणू, अणुभार, संयुजा आणि मोल या कल्पना थोड्याच पानांत उरकतात. व्याख्या, एक-दोन उदाहरणे, गणिते, की स्वाध्याय. पाण्याचे सूत्र एच-टू-ओ, ऑक्सिजनचा अणुभार १६. पण हा १६च का, ८ का नाही, असे एखाद्या मुलीने विचारले तर तिला पुस्तकात उत्तर सापडणे कठीण. आणि प्रश्न पोरकट मुळीच नाही. युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर अर्धे शतक डोके खपवले आहे.

अडचण नेमकी काय होती ते आधी पाहू. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. तराजू एवढेच सांगतो. पाण्याच्या कणात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेक अणू असेल, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरेल. हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर सोळापट. म्हणजे अणुभार काढायला सूत्र हवे, आणि सूत्र ठरवायला अणुभार हवा! मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०८ च्या आपल्या ग्रंथात ही गाठ सरळ कापून टाकली. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू धरावा, असा त्याचा नियम. म्हणून पाणी एच-ओ. त्याच्या मोजमापात ८ ऐवजी ७ आले होते, ती गोष्ट वेगळी. नियमाला सोपेपणाखेरीज दुसरा आधार नव्हता.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकला दिसले की, वायू संयोग पावतात ते आकारमानांच्या साध्या प्रमाणात. हायड्रोजनची दोन मापे आणि ऑक्सिजनचे एक माप यांतून वाफेची दोन मापे मिळतात. १८११ मध्ये आमेदेओ ॲव्होगॅड्रोने यावरून पुढचे पाऊल टाकले. हा गृहस्थ मूळचा कायद्याचा पदवीधर, धर्मपीठाच्या कायद्याचा. त्या वेळी तो उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्ली गावी शिकवत होता. तो म्हणाला, तापमान व दाब सारखे असताना सर्व वायूंच्या समान आकारमानांत कणांची संख्या समान असते असे माना. मग ऑक्सिजनच्या एका मापातून वाफेची दोन मापे निघायची, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे व्हायलाच हवेत. म्हणजे ऑक्सिजनचा सुटा कण हाच मुळात जोडकण आहे.

आज आपण तुकड्याला अणू आणि जोडकणाला रेणू म्हणून मोकळे होतो. ॲव्होगॅड्रोजवळ ही सोय नव्हती. त्याने सगळ्यालाच ‘मॉलेक्यूल’ म्हटले आणि मागे वेगवेगळी विशेषणे लावली. वाचणारे गोंधळले यात नवल नाही. आपल्याकडेही मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलेक्यूल म्हणजे रेणू, तर हिंदीत ॲटमला परमाणु आणि मॉलेक्यूलला अणु म्हणतात. हिंदी माध्यमातून मराठीत येणाऱ्या मुलाला एकाच शब्दाचा अर्थ बदलून घ्यावा लागतो.

ॲव्होगॅड्रोचा विचार जगाने पन्नास वर्षे अडगळीत टाकला आणि १८५६ मध्ये तो उपेक्षितच वारला, ही कहाणी विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांना फार आवडते. तिच्यात विरोधकांना उगाच मठ्ठ ठरवले जाते, हे मला पटत नाही. त्यांच्याकडे कारणे होती, आणि ती चांगली होती. स्वीडनच्या बर्झेलियसच्या मते अणू एकमेकांना धरून ठेवतात ते विरुद्ध विद्युत्प्रभारांमुळे. मग ऑक्सिजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना चिकटतील कसे? हा प्रश्न रास्त होता. त्याचे खरे उत्तर विसाव्या शतकात मिळाले.

दुसरी अडचण तर प्रयोगशाळेतून आली. पॅरिसच्या द्युमाने १८२६ पासून पदार्थांच्या बाष्पांची घनता मोजायला घेतली. सगळ्या मूलद्रव्यांचे रेणू दोन अणूंचेच असावेत असे धरले, तर गंधकाचा अणुभार अपेक्षेच्या तिप्पट येई, फॉस्फरसचा दुप्पट, आणि पाऱ्याचा निम्मा! आज आपल्याला ठाऊक आहे की, त्या तापमानाला गंधकाच्या बाष्पात सहा-सहा अणूंचे रेणू असतात, फॉस्फरसच्या रेणूत चार, आणि पाऱ्याचा अणू एकटाच फिरतो. द्युमाला हे कोण सांगणार? वैतागून त्याने, आपल्या हाती असते तर ‘अणू’ हा शब्दच विज्ञानातून काढून टाकला असता, अशा अर्थाचे उद्गार काढले.

मग ज्याने त्याने आपापली वहिवाट सुरू केली. पुष्कळांनी अणूचे नावच सोडून सममूल्यभार पत्करले : ऑक्सिजन ८, कार्बन ६, पाणी एच-ओ. १८६१ मध्ये केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, प्रचारातली १९ सूत्रे ओळीने छापली आहेत.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ ते ५ सप्टेंबर १८६० रोजी, जर्मनीतल्या कार्ल्सरुह येथे सव्वाशेच्या आसपास रसायनशास्त्रज्ञ जमले ते याच घोळासाठी. अणुभारांचा प्रश्न तिथे मतदानाने सुटला नाही. तो तसा सुटणारही नव्हता. मात्र परिषद संपताना अँजेलो पावेसीने एक इटालियन पुस्तिका वाटली. ती होती जेनोआचे प्राध्यापक स्तानिस्लाओ कान्निझारो यांची, १८५८ मध्ये छापलेली. तिच्यात नवा शोध एकही नव्हता. आपल्या विद्यार्थ्यांना रसायनाचे तत्त्वज्ञान आपण कसे शिकवतो, याचा तो आराखडा होता. आणि त्याचे पहिले धडे इतिहासाचे आहेत : ॲव्होगॅड्रो काय म्हणाला, बर्झेलियस कुठे अडला, द्युमा कुठे चकला.

त्यांची युक्ती नववीतल्या मुलीला वहीत करून पाहता येईल अशी आहे. द्युमा मूलद्रव्यांच्या बाष्पांशी झगडत बसला. कान्निझारोंनी संयुगे पुढे घेतली. हायड्रोजनचा रेणुभार २ धरायचा आणि बाष्पघनतेवरून बाकीच्यांचे रेणुभार काढायचे. पाणी १८, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात ३२. खुद्द ऑक्सिजन वायू ३२. कुठल्याही रेणूत १६ पेक्षा कमी ऑक्सिजन सापडत नाही, आणि जास्त असेल तर तो १६ च्याच पटीत. ८ कुठेच येत नाही. मग अणू १६ चा. कार्बनचेही तसेच : मिथेनच्या १६ मध्ये १२, एथिलीनच्या २८ मध्ये २४, ईथरच्या ७४ मध्ये ४८. पाऱ्याच्या क्लोराइडांत पारा २०० येतो आणि निव्वळ पाऱ्याच्या बाष्पाचा रेणुभारही २००च भरतो, म्हणजे त्याच्या रेणूत अणू एकच. द्युमाचे कोडेही सुटले. पडताळा पाहायला १८१९ पासून माहीत असलेला, घन मूलद्रव्यांच्या विशिष्ट उष्णतेचा ड्युलाँग-पेटिट यांचा नियम होताच.

परिषदेला आलेल्यांत ब्रेस्लाऊचा तिशीतला लोथार मायर होता आणि हायडेलबर्गहून आलेला २६ वर्षांचा दिमित्री मेंडेलिव्ह होता. (त्याचा सोबती बोरोदिन पुढे संगीतकार म्हणून गाजला.) मायरने पुस्तिका घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचली. अणुभार चढत्या क्रमाने मांडायचे तर आधी ते खरे हवेत. मेंडेलिव्हची आवर्तसारणी १८६९ ची आहे.

सगळ्यांनी लगेच मान डोलावली असे मात्र नाही. पॅरिसचा मार्सलें बर्थेलो, संश्लेषणातला मोठा माणूस आणि १८८६-८७ मध्ये फ्रान्सचा शिक्षणमंत्री, १८९० च्या सुमारापर्यंत ऑक्सिजन ८ धरून पाणी एच-ओच लिहीत राहिला.