फ्लोरिन कुणाच्या मुठीत?

प्रिन्स्टन जंक्शनवर छोट्या 'डिंकी' गाडीत बसलात की पाच-सात मिनिटांत विद्यापीठ येते. तिथे युजीन विग्नर यांनी अनेक दशके शिकवले. १९६३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, पण त्यांची पदवी होती केमिकल इंजिनिअरिंगची. बर्लिनमध्ये शिकून ते बुडापेस्टला परतले आणि वडील काम करत त्याच कातडी कमावण्याच्या कारखान्यात नोकरीला लागले! हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. अणुभट्टी हा मुळात एक रासायनिक कारखाना आहे, त्यामुळे तिचे इंधन द्रवरूप असावे, या विचाराकडे विग्नर यांचा कल होता. १९४६-४७ मध्ये ते टेनेसीतील ओक रिज प्रयोगशाळेचे संशोधन संचालक होते. त्यांचे तरुण सहकारी आल्विन वाइनबर्ग पुढे त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि हा विचार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

तुमच्याही व्हॉट्सअॅप गटावर अधूनमधून एक संदेश येत असेल: भारताकडे भरपूर थोरियम आहे, वितळलेल्या क्षाराची भट्टी बांधली की वीजच वीज, आणि हे तंत्र अमेरिकेने साठ वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते. संदेशातले बरेचसे खरे आहे. पण नेमके काय सिद्ध झाले, ते त्यात कधीच नसते. सिद्ध झाली ती एक रासायनिक गोष्ट, आणि तिच्या मर्यादाही तिथेच कळल्या.

ओक रिजची ती भट्टी १ जून १९६५ रोजी प्रथम क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. तिच्यात इंधनाच्या कांड्या नव्हत्या. लिथियम, बेरिलियम आणि झिर्कोनियम यांची फ्लोराइडे एकत्र वितळवून त्यात युरेनियमचे फ्लोराइड विरघळवलेले होते. एकटे लिथियम फ्लोराइड ८४८ अंश सेल्सियसला वितळते. बेरिलियम फ्लोराइड योग्य प्रमाणात मिसळले की तोच आकडा साडेचारशेच्या आसपास येतो. हे मिश्रण साधारण ६५० अंशांवर पाण्यासारखे पारदर्शक आणि पातळ असते, आणि पंपाने ते नळ्यांतून फिरवता येते.

आता नळ्यांचा विचार करा. तुमच्या स्वयंपाकघरातले स्टीलचे भांडे गंजत नाही, कारण त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वितळलेल्या फ्लोराइडात तो थरच विरघळून जातो. धातू उघडा पडतो, आणि मग त्याचे रक्षण एकच गोष्ट करू शकते: क्षारातल्या मूळद्रव्यांनी आपला फ्लोरिन सोडायला नकार देणे. १००० केल्विन तापमानाला लिथियम फ्लोरिनला मोलमागे सुमारे १२५ किलोकॅलरींच्या जोराने धरून ठेवतो, युरेनियम सुमारे ९५, क्रोमियम सुमारे ७५ आणि निकेल ६० पेक्षाही कमी. वरच्या पायरीवरचा खालच्याला आपला फ्लोरिन देत नाही. म्हणून नळ्या निकेलच्या हव्यात आणि त्यांत क्रोमियम कमीत कमी हवे. ओक रिजने त्यासाठी खास मिश्रधातू घडवला, हॅस्टेलॉय-एन. त्यात क्रोमियम फक्त ७ टक्क्यांच्या आसपास ठेवले.

हीच उतरंड आपल्या ट्रॉम्बेलाही उपयोगी पडली, दुसऱ्या कामासाठी. युरेनियमच्या फ्लोराइडला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम भेटले की तो धातू फ्लोरिन ओढून घेतो आणि खाली शुद्ध युरेनियम उरते. ट्रॉम्बेत जानेवारी १९५९ मध्ये युरेनियम धातू तयार झाला.

मात्र युरेनियम एका पायरीवर स्थिर राहत नाही. त्याची फ्लोराइडे दोन, चार फ्लोरिनांचे आणि तीन फ्लोरिनांचे. चारांचे जरा ढिले असते. संधी मिळाली की ते एक फ्लोरिन क्रोमियमला देऊन टाकते, आणि नळी आतून हळूहळू पोखरली जाते. भरीला, युरेनियमचा अणू फुटला की त्याचे चार फ्लोरिन मोकळे होतात, पण मागे उरलेले तुकडे सगळेच्या सगळे धरू शकत नाहीत. म्हणजे भट्टी जितकी चालेल, तितका क्षार नळीसाठी अधिक घातक. यावरचा उपाय मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो: बेरिलियम धातूची छोटी कांडी क्षारात सोडायची. ती जास्तीचा फ्लोरिन गिळते आणि थोडे युरेनियम पुन्हा तीन फ्लोरिनांवर येते. पण प्रमाण सांभाळायचे, कारण तीनवाले फार वाढले तर युरेनियमच बाहेर पडू लागते. झिर्कोनियमही असेच पहारेकरी. चुकून हवा किंवा ओल शिरली तर ऑक्सिजन आधी त्याने घ्यावा आणि युरेनियम गाळ होऊन तळाशी बसू नये, यासाठी ते घातलेले. या सगळ्यामागे वॉरन ग्राइम्स आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ होते. अणुभट्ट्यांच्या लोकप्रिय पुस्तकांत त्यांचे नाव शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही. आमच्या विषयाचे नशीबच तसे!

ऑक्टोबर १९६८ मध्ये हीच भट्टी युरेनियम-२३३ वर चालली, म्हणजे थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियमवर. थोरियम मात्र तिच्यात कधीच घातला नव्हता. हे संदेशात नसते. १२ डिसेंबर १९६९ रोजी ती बंद झाली. उघडल्यावर नळ्यांच्या पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या. त्यामागे क्रोमियम नव्हते, तर विखंडनातून तयार होणारा टेलुरियम होता. फ्लोरिनची उतरंड कितीही पक्की असली, तरी त्याचा हिशेब तिच्यात नव्हता.

भारतात भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा भट्टीच्या आराखड्यावर काम झाले आहे आणि जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत या क्षारांवर परिषदही झाली. त्या आराखड्यांबद्दल वाचताना ओक रिजच्या कहाणीचा शेवट लक्षात ठेवा, कारण तो भट्टी बंद झाल्यानंतरचा आहे.

क्षार टाक्यांत उतरवून थंड होऊ दिला. तो गोठला. तापलेल्या द्रवात किरणोत्साराने एखादा बंध तुटला तरी फ्लोरिन लगेच परत जोडला जातो. गोठलेल्या, थंड क्षारात ते परत जोडणे जवळपास थांबते. हे ठाऊक असल्याने बरीच वर्षे टाक्या अधूनमधून तापवत असत. १९८०च्या दशकाअखेर ते बंद झाले. १९९४ मध्ये तपासणीत आढळले की नळ्यांत मोकळा फ्लोरिन आणि युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू साचला आहे. इतकी वर्षे द्रवात निमूट बसलेले युरेनियम वायू होऊन निघाले होते, आणि त्यातले सुमारे अडीच किलो कोळशाच्या गाळणीत जाऊन बसले होते. ते बाहेर काढायला पुढची बरीच वर्षे लागली. युरेनियम काढून घेतलेला क्षार मात्र त्याच टाक्यांत राहिला.