चरख्याच्या कसोटीवर खेळाचें यंत्र

वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत मांडलेले चरखे पाहून परतणारा मनुष्य बहुधा गांधीयुगाच्या आठवणींत गढलेला असतो. प्रस्तुत लेखक गेल्या उन्हाळ्यांत तेथून परतला तो मात्र निराळ्याच विवंचनेंत. बरोबर भाचा होता. माळ्यावर पडलेला जुना संगणक खालीं काढून त्यावर नाणें टाकून खेळावयाचे जुने व्हिडिओ गेम बसवावे, असा त्याचा बेत. "मामा, विंडोज टाकूं कीं लिनक्स?" असें त्यानें संग्रहालयाच्या दारांतच विचारलें. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे बोलण्यांतली ऑपरेटिंग सिस्टिम, कोणती निवडावी हा प्रश्न त्या जागीं कोणास पोरकट वाटेल. परंतु त्याच्या मागें पन्नास वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि तो सोडविण्याची एक कसोटी आम्हांस त्या चरख्यांपाशींच सांपडली.

१९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें उत्तम चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी पाहण्याजोग्या आहेत. यंत्र हलकें असावें व खेड्यांतल्या घरीं हातानें किंवा पायानें सहज चालावें. बाईमाणसाला त्यावर आठ तास फारशा श्रमावांचून काम करतां यावें. त्याची किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी व तें हिंदुस्थानांत तयार होण्याजोगें असावें. नीट निगा राखल्यास तें वीस वर्षें चालावें, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांपलीकडे जाऊं नये. ह्या अटींत सुताचा हिशेब आहेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, यंत्र मोडलें तर तें नीट करण्याची सत्ता कोणाच्या हातीं राहणार? १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींनीं मगन संग्रहालयाचें उद्घाटन केलें, तें ग्रामोद्योगाच्या ह्याच विचाराचें दर्शन घडविण्यासाठीं.

आतां खेळाच्या यंत्राकडे वळूं. १९७२ मध्यें अमेरिकेंत अटारी कंपनीनें 'पाँग' बाजारांत आणला, तेव्हां त्यांत प्रोग्राम असा नव्हताच. सारा खेळ विजेच्या जोडण्यांत गुंफलेला होता. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० चा 'पॅक-मॅन' हे जपानी खेळ प्रोसेसरवर चालत. तथापि त्यांनाहि आजच्यासारखी कार्यप्रणाली नव्हती. बटण दाबलें कीं खेळ सुरू. खेळ हाच यंत्राचा धनी. आमच्याकडील व्हिडिओ पार्लरांत १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ तर मूळ नांव विसरून त्यांतल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' ह्या नांवानेंच पोरांच्या तोंडीं बसला. हीं यंत्रें पुढें भंगारांत गेलीं. कांहींचा अंत तर त्यांच्या घडणींतच लिहिलेला होता. कॅपकॉम कंपनीनें १९९३ पासून काढलेल्या दुसऱ्या पिढीच्या पाट्यांत खेळाची गुप्त किल्ली एका बॅटरीच्या आधारें स्मृतींत राही. बॅटरी मेली कीं किल्ली गेली, आणि किल्लीबरोबर खेळहि गेला. वीस वर्षें टिकण्याची अट घालणाऱ्यांनीं अशा पाटीस काय म्हटलें असतें, हें सांगावयास नको.

हे खेळ वांचविण्याचा मोठा उद्योग १९९७ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. इटलीच्या निकोला साल्मोरियानें जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा 'मेम' हा प्रोग्राम काढला. येथेंच कार्यप्रणालीचा प्रश्न जन्मास आला. कारण घरगुती संगणकावर खेळ आणि यंत्र ह्यांच्यामध्यें एक कारभारी बसलेला असतो. मेम प्रथम डॉसवर चालत असे. डॉस एका वेळीं एकच काम करी, त्यामुळें खेळाला सारें यंत्र मोकळें मिळे. पण नव्या संगणकाचा आवाज व चित्र त्याला ओळखतां येत नाहींत. म्हणून माळ्यावरचा संगणक खरोखरच पंचवीस वर्षांचा असेल तर डॉसचा विचार करावा, एरव्हीं नाहीं.

विंडोजचा मोठा गुण म्हणजे ओळख. आमच्या पिढीनें संगणक शिकला तो बहुधा विंडोजवरच. निरनिराळ्या काठ्या, बटणें व चित्रपत्रिका त्यावर बिनबोभाट चालतात. तेव्हां सहज चालण्याच्या अटींत तो पुढें आहे. परंतु दुरुस्तीच्या अटींत तो मागें पडतो. २००१ च्या एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. २०२१ साली आलेल्या विंडोज इलेव्हनला सुरक्षेची ठराविक चिप लागते; ती नसेल तर धडधाकट संगणकहि त्यास अपात्र ठरतो. यंत्र म्हातारें केव्हां झालें, हें येथें यंत्राचा मालक ठरवीत नाहीं.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें केला. प्रोग्राम वाचण्याचा, सुधारण्याचा व वांटण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असावा, ही त्यामागची भूमिका रिचर्ड स्टॉलमननें १९८३ पासूनच मांडली होती. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनें २००७ मध्यें 'बॉस' नांवाची देशी आवृत्ति काढली ती ह्याच पायावर. किंमत शून्य, जुन्या यंत्रावर हलकें चालणें, आणि आंतला प्रत्येक भाग उघडून पाहण्याची मोकळीक, एवढ्या अटी लिनक्स पुऱ्या करतो.

ह्यांत एक व्यवहाराचा मुद्दा आहे. भारनियमनाचीं वर्षें ज्यांनीं विदर्भांत काढलीं, त्यांना अचानक गेलेल्या विजेचें दुःख सांगणें नको. पार्लरांतलें यंत्र भिंतीवरच्या बटणानें बंद करीत, त्याला कांहींहि होत नसे. संगणकाचें तसें नाहीं. लिहितां लिहितां वीज गेली तर डिस्कवरील नोंदी बिघडतात. लिनक्समध्यें खेळाची डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडतां येते; मग वीज गेली काय आणि पोरानें बटण ओढलें काय, सारखेंच. शिवाय संगणक चालू होतांच सरळ खेळाचीच यादी दिसावी, अशी व्यवस्थाहि थोड्या श्रमांत होते. म्हणजे कारभारी पडद्याआड जातो, आणि खेळ पुन्हा यंत्राचा धनी होतो.

तरी पण लिनक्सचा जयजयकार करून लेखणी खालीं ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नवखा मनुष्य त्यावर अडखळतो, आणि अडखळल्यावर शेजारीं विचारावयास माणूस मिळेलच असें नाहीं. खेळांची मालकीहि त्या त्या कंपन्यांकडेच आहे. कार्यप्रणाली मुक्त असली म्हणून खेळ फुकटचा होत नाहीं. खुद्द मेम पूर्ण अर्थानें मुक्त झाला तो २०१६ मध्यें. चरखा संघाच्या बक्षिसाचेंहि असेंच झालें: सर्व अटींस उतरणारें यंत्र ठरलें नाहीं, आणि लाख रुपये कोणासच मिळाले नाहींत. पण त्यामुळें अटी व्यर्थ ठरल्या नाहींत. काय मागावयाचें, हें त्यांनीं कारागिरांस शिकविलें.

भाच्यानें अखेर लिनक्स घातला. पहिल्या दिवशीं आवाजच येईना. दोन संध्याकाळ तो त्यांत डोकें घालून बसला. चूक त्याचीच निघाली, व त्यानेंच ती दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशीं 'पॅक-मॅन' सुरू झाला, तेव्हां त्यानें आईला हांक मारली, आणि तिला दाखविला तो खेळ नव्हे, तर आपण बदललेली ती एक ओळ.