वॉटचा सिलिंडर : लाकूड, पितळ, कथील, बीड

मागच्या वेळी आपण न्यूकोमेनच्या इंजिनापाशी थांबलो होतो. आता जेम्स वॉट. किटलीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देऊ. आज बोलायचंय ते त्याने सिलिंडर कशाकशाचा करून पाहिला यावर. त्याची जवळजवळ दहा वर्षं त्यातच गेली.

१७६३ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. सिलिंडर पितळेचा, व्यास २ इंच. थोड्या फेऱ्या मारायचं आणि थांबायचं. बघा, दर फेरीला सिलिंडर वाफेने तापायचा, मग आत थंड पाणी मारलं की गार व्हायचा. म्हणजे बरीच वाफ नुसता धातू तापवण्यात खर्च. मग वॉटने काय केलं? धातूच नको म्हणाला! जवसाच्या तेलात मुरवून, भाजून कोरडा केलेला ६ इंची लाकडी सिलिंडर केला. वाफ कमी लागली खरी, पण वाफेत लाकूड टिकणार किती?

१७६५ मध्ये त्याला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली. सिलिंडर कायम गरम ठेवायचा, वाफ थंड करायची दुसऱ्या भांड्यात. हे तपासायला त्याने पितळेची एक मोठी पिचकारी घेतली, पावणेदोन इंच व्यासाची, आणि तिला पत्र्याची झाकणं बसवली. मला ही त्याची सगळ्यात हुशार निवड वाटते. पिचकारी आतून आधीच गुळगुळीत होती, आणि प्रश्न एकच होता : कल्पना चालते का? चालली. सुमारे १८ पौंड वजन उचललं गेलं.

खरं दुखणं पुढे आहे. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्यावर पाण्याचा थर असायचा. सिलिंडर वेडावाकडा असला तरी पाणी फटी बुजवायचं. वॉटला ती सोय नव्हती, कारण पाणी आलं की सिलिंडर गार. म्हणजे त्याच्या कल्पनेमुळेच भोक अचूक असण्याची गरज वाढली, आणि तसं भोक पाडणारं यंत्र त्याच्या हाताशी नव्हतं.

१७६९ मध्ये स्कॉटलंडमधल्या किनीलला, भागीदार रोबकच्या जागेत, १८ इंची इंजिन उभं राहिलं. सिलिंडर कथलाचा. हो, आपण भांड्यांना कल्हई करतो तेच कथील! २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे ओतायला सोपं. मऊ असल्याने घडवायलाही सोपं. पण जे सहज घडतं ते सहज बिघडतंही. दट्ट्याच्या फटीत वॉटने बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या हॅट, कागद, एवढंच काय, शेणसुद्धा भरून पाहिलं. वाफ गळतच राहिली. पोटासाठी तो कालव्यांची मोजणी करत फिरत होता. १७७३ मध्ये रोबकचं दिवाळं निघालं, आणि त्याच वर्षी वॉटची बायको मार्गारेट गेली.

रोबकचा हिस्सा मॅथ्यू बोल्टनकडे आला आणि इंजिन बर्मिंगहॅमला. तिथे कथलाच्या जागी बीडाचा सिलिंडर बसला. आता तुम्ही म्हणाल, बीड काय नवीन होतं? मुळीच नाही. न्यूकोमेनच्या इंजिनांना बिडाचे सिलिंडर कधीपासून होते. नवीन होती ती जॉन विल्किन्सनची बोअरिंगची रीत. जुन्या यंत्रात कापणाऱ्या हत्याराचा दांडा एकाच टोकाला धरलेला असे. ते ओतकामाच्या चुकांमागे वळत जाई. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना टेकवला. बीड कडक, ठिसूळ, पण एकदा नीट कापलं की आकार सोडत नाही. कथलाचा हट्ट तेव्हा कुठे सुटला.

१७७६ मध्ये टिप्टनच्या कोळसा खाणीवर ५० इंची सिलिंडरचं इंजिन सुरू झालं. त्यात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक नाही, असं बोल्टनने कौतुकाने लिहून ठेवलंय. आज एवढा फरक असलेला जॉब कुठलंही वर्कशॉप परत पाठवेल. पण त्या सिलिंडरच्या फटीत शेण भरायची वेळ आली नाही.