येरवडा ते मारुंजी, व्हाया व्हिडिओ कॉल

दर गुरुवारी रात्री साडेआठला मी आईला सांगतो, “क्लायंट कॉल आहे,” आणि बेडरूमचं दार लोटून घेतो. तसं ते खोटं नाही. फक्त त्या कॉलवर क्लायंट मी असतो.

आम्ही मारुंजीला राहतो, हिंजवडी आयटी पार्कच्या पाठीला. वन बीएचके आहे. बाबा गेल्यावर आई औशाकडच्या आमच्या गावाहून इकडे आली. मला दीड वर्षापूर्वी मीटिंगच्या आधी छातीत धडधडायला लागलं, हात थंड पडायला लागले. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, “कोणाशी तरी बोला.” पहिल्यांदा मी बोलायला डेक्कनला गेलो. साडेपाचला निघालो, वाकडच्या पुलापाशी अडकलो आणि पोचलो तेव्हा माझ्या तासातली दहा मिनिटं उरली होती. त्या दहा मिनिटांत मी फक्त ट्रॅफिकबद्दल बोललो. तेव्हापासून व्हिडिओ कॉल. समुपदेशक मॅडम नाशिकला असतात, मी मारुंजीत.

आता हे सगळं आपल्याला नवीन, कोविडमध्ये आलेलं वाटतं. मलाही वाटायचं. पण मनाच्या आजाराचा आणि अंतराचा आपल्याकडचा संबंध फार जुना आहे.

पुण्यात कोणी विचित्र वागलं की “याला येरवड्याला पाठवा” म्हणतात, मुंबईकडे “ठाण्याला पाठवा”. क्रियापद बघा. पाठवा. महाराष्ट्रातली चारही जुनी मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली: नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं येरवडा, जिथे मुंबईच्या कुलाब्याचे रुग्ण हलवले गेले. गावापासून लांब, उंच भिंतीआड. १९१२ च्या कायद्याचं नाव ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ होतं, आणि त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाला डॉक्टरइतकंच वजन होतं. तो कायदा बदलायला १९८७ उजाडलं, आणि नवा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १९९३ साली. माझा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे हा काही फार प्राचीन इतिहास नाही.

त्या चार ठिकाणांत मराठवाडा कुठेच नाही, हेही लक्षात घ्या. लातूरकडच्या माणसाला येरवडा म्हणजे एसटीचा अख्खा दिवस. अंतर हाच उपचाराचा मोठा भाग होता: माणूस नजरेआड करायचा.

त्याच काळात मुंबईत एक माणूस अंतराचा अगदी उलटा उपयोग करत होता. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. विषय संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य. त्यात वाचकांचे खाजगी प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापली जायची. आपल्या गावातल्या वैद्याला, बायकोला, मित्राला जे विचारता येत नव्हतं, ते लोक अनोळखी संपादकाला पत्राने विचारत होते. या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आज याला कोणी थेरपी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण लाज वाटणारी गोष्ट लांबच्या माणसाला सांगणं सोपं जातं, हे मराठी माणसाला पाकीट आणि तिकिटाच्या जमान्यातच कळलं होतं.

पडद्यावरून उपचार मात्र अमेरिकेत सुरू झाले. नेब्रास्कातल्या मनोविकार संस्थेने १९५९ मध्ये दुहेरी टीव्ही जोडणी वापरून गट-उपचार करून पाहिले, आणि १९६४ मध्ये ११२ मैलांवरचं नॉरफोकचं सरकारी मनोरुग्णालय त्या जोडणीने बांधून घेतलं. कारण साधं होतं: डॉक्टर शहरात, रुग्ण लांब. आपल्याकडे त्सुनामीनंतर चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने किनाऱ्यावरच्या लोकांसाठी, आणि पुढे पुदुकोट्टई जिल्ह्यात चक्क बस फिरवून हेच केलं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ पासून फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते आहे.

मग हे सगळं आधीच का पसरलं नाही? एक कारण महाराष्ट्रातलंच आहे. २०१८ मध्ये रत्नागिरीत बाळंतीण महिलेचा मृत्यू झाला. डॉक्टर हजर नव्हते, सूचना फोनवरून गेल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला. प्रकरण मनोविकाराचं नव्हतं, पण फोनवर सल्ला दिला तर आपणही अडकू, ही भीती देशभरातल्या डॉक्टरांत पसरली. नियम धड कुठेच नव्हते. ते आले २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली: डॉक्टरने ओळख आणि नोंदणी क्रमांक सांगायचा, कोणती औषधं पडद्यावरून लिहून द्यायची आणि कोणती अजिबात नाही याच्या याद्या. हे नियम नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. तुम्ही ॲपवर ज्यांच्याशी बोलता ते समुपदेशक गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. देत असतील तर कॉल बंद करा. १० ऑक्टोबर २०२२ ला सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आली. १४४१६, फुकट, मराठीतही. नंबर सेव्ह करून ठेवा, लागला नाही तर उत्तमच.

एवढं वाचून मी स्वतःवर खूश होतो. जुनं अंतर माणसाला घरातून काढत होतं, हे नवं अंतर त्याला घरात ठेवतं. पण घरात ठेवतं म्हणजे घर ऐकतं. इअरफोनमुळे मॅडमचा आवाज आईला जात नाही, माझा जातोच. मी काही सेशन बेसमेंटमध्ये गाडीत बसून केली. तिथे रेंज जाते आणि रडताना चेहरा फ्रीझ होतो. गच्चीवर केली, तिथे शेजारचे काका शतपावली करतात. आमच्या टॉवरमध्ये असे किती ‘क्लायंट कॉल’ चालत असतील कोण जाणे.

मागच्या महिन्यात सेशन संपवून बाहेर आलो तर आई लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, “तुझ्या आजीला पण असंच व्हायचं.”

मला एवढंच माहीत होतं की आजी एकदा ‘पुण्याला दवाखान्यात’ होती. आईने सांगितलं, १९७९ चा उन्हाळा, नवीनच लग्न झालेलं, आणि सासूला येरवड्याला नेलं. तीन महिने. बरी होऊन आली, पण गावात कोणी तिच्या हातचं पाणी घेईना. घरातही पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

“तू भेटायला गेली होतीस?”

“मला कोण नेणार? पत्रं टाकायचे. सातवी शिकलेली होते ना. अंतर्देशीय. गावात टाकलं असतं तर पोस्टमनने पत्ता वाचला असता, मग अख्ख्या गावाला कळलं असतं. म्हणून बाजाराच्या निमित्ताने औशाला जायचे आणि तिथल्या पेटीत टाकायचे.”

“उत्तर यायचं?”

“एकदा आलं. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं. शेळी व्याली का, विचारलं होतं.” मग लसणाची सालं गोळा करत म्हणाली, “त्या बाईंना विचार, हे आजीकडून येतं का. आणि मला बोलायचं असलं तर चालतं का तेही विचार.”

पुढच्या गुरुवारी साडेआठला मी लॅपटॉप उघडला. दार लोटायला उठलो तर आईने आधीच लोटलं होतं. बाहेर टीव्हीचा आवाज एकदम वाढला. ती बातम्या कधीच एवढ्या मोठ्याने लावत नाही.