दप्तर कोणाच्या घरी?

घरात लिनक्सचा सर्व्हर लावून आपल्या टिपणं-फोटो-हिशेबांची व्यवस्था आपणच कशी करावी, यावर बोला असं संयोजकांचं म्हणणं होतं. सुप्याला औद्योगिक वसाहत आहे, मुलं यंत्रांत वाढलेली आहेत, तेव्हा विषय योग्यच आहे. पण आम्ही सुरुवात संगणकापासून करणार नाही. दप्तरापासून करू.

दप्तर म्हणजे आज आपल्याला शाळेची पिशवी वाटते. गावगाड्यात दप्तर म्हणजे कुलकर्ण्याच्या घरी कापडाच्या रुमालात बांधून ठेवलेले कागद. जमीन कोणाची, वसूल किती, तंटा कसा मिटला, सगळं मोडीत लिहिलेलं. आता बघा, नोंद गावाची, पण रुमाल कुलकर्ण्याच्या माजघरात. त्यामुळे त्याच्या हाती सत्ता आली आणि तिचा गैरवापरही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘घरी ठेवलं म्हणजे चांगलं’ असं आम्ही म्हणणार नाही. कोणाच्या घरी, हा प्रश्न आहे.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं. इनामदाराने आपली सनद दाखवायची, नाही दाखवली तर इनाम धोक्यात. म्हणजे काय झालं? ज्या कागदांवर घर उभं होतं, तेच कागद सरकारच्या तपासणीखाली आले. सरकारी दप्तरासाठी पुण्यात 1891 साली दगडी इमारत उभी राहिली. आतले कागद सुरक्षित होते, हे कबूल केलं पाहिजे. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते लिहिले, त्यांना आत सहज प्रवेश नव्हता. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली या दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत बाहेर आले ते 1930 नंतर. शंभरावर वर्षं गेली!

दुसऱ्या बाजूला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. सरकारच्या दारात ताटकळण्यापेक्षा हा माणूस गावोगाव घरांची दारं ठोठावत फिरला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 चा. घराघरातून त्यांना काय दिसलं? वाळवी, गळकी छपरं, रद्दीत गेलेले रुमाल, आणि कागद दाखवायला घाबरणारी माणसं. इनाम कमिशनची आठवण ताजी होती, भीती उगाच नव्हती. राजवाड्यांनी नकला केल्या, छापल्या, आणि जे छापलं ते टिकलं. 1948 च्या जाळपोळीत अनेक वाडे गेले, त्यांच्याबरोबर रुमालही गेले. संस्थेत ठेवलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

तुकोबांच्या अभंगांचंच बघा. संताजी जगनाडे यांच्या वह्या वेगळ्या घरी होत्या म्हणून एक वेगळी परंपरा आपल्या हाती आली. आजचे तंत्रज्ञ सांगतात की तीन प्रती ठेवा, दोन प्रकारच्या साधनांवर ठेवा, एक दुसऱ्या गावी ठेवा. वारकऱ्यांना हे निराळं शिकवावं लागलं नाही.

आता संगणकाकडे येऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि कोणालाही उघडून वाचता येईल, बदलता येईल अशी प्रणाली तयार झाली. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 पासून. मग लोकांनी आपले रुमाल परक्या कंपन्यांच्या घरी नेऊन ठेवले. फुकट होतं ना! ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. ज्यांनी मुदतीत उतरवून घेतलं नाही, त्यांचं लिहिलेलं गेलं. भांडण कोणाशी करणार? घर त्यांचं होतं.

पण मराठी माणसाची अडचण याहून खोल आहे. नव्वदच्या दशकात आपण श्रीलिपी, आकृती अशा टंकांत पानंच्या पानं लिहिली. फाईल शाबूत आहे, पण तो टंक नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणजे ही विसाव्या शतकाची मोडीच झाली. कागद आहे, वाचणारा नाही. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास खर्च केला. अक्षर कसं असावं, समास किती सोडावा, पोथी कशी बांधावी. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो कोणी शिकवत नसे, शिकवायला हवा होता. आज त्या जागी आम्ही एवढंच म्हणू की टिपण युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवा. गंमत म्हणजे 2014 मध्ये खुद्द मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली.

यंत्राबद्दल थोडक्यात. जुना लॅपटॉप किंवा कचेरीतून निघालेला छोटा संगणक पुरतो. त्यावर डेबियन, फोटो-फाईलींसाठी नेक्स्टक्लाउड, टिपणांसाठी जॉपलिन. वीस वॅट खाणारं यंत्र दिवसरात्र चाललं तरी महिन्याला साधारण पंधरा युनिट. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर हवाच. खरी पंचाईत वेगळी आहे. पुष्कळ कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात, त्यामुळे पुण्याला बसलेल्या मुलीला सुप्याच्या घरातलं यंत्र सापडत नाही. त्यावर वायरगार्डसारखा खासगी बोगदा हा उपाय आहे, बाहेरचा एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये घेऊन. ई-मेल मात्र घरी चालवू नका. घरच्या पत्त्यावरून गेलेली पत्रं मोठ्या कंपन्या थेट कचऱ्यात टाकतात, आणि दिवस त्यांच्या विनवण्या करण्यात जातो.

आपल्या तालुक्याला हा सगळा विषय नवा नाही. राळेगणसिद्धी इथून जवळ. माहितीच्या अधिकारासाठी तिथून आंदोलन झालं, राज्याचा कायदा 2002 मध्ये आला, देशाचा 2005 मध्ये. तो आपल्याबद्दलची जी नोंद दुसऱ्याच्या घरी आहे ती पाहण्याचा हक्क. शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावातच मांडला, आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवलं. तिथे नोंद वापरणारा आणि ठेवणारा एकच आहे.

शेवटी एक राहतं. कुलकर्णी आपल्या मुलाला मोडी शिकवून जात असे. घरचा सर्व्हर लावणारा माणूस सहसा घरात एकटाच ते जाणणारा असतो. तो गेला की कुलूपबंद डिस्कवर कुटुंबाचे वीस वर्षांचे फोटो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही, अशी वेळ येते. आम्ही दोन कागदांवर मराठीत लिहून ठेवलं आहे. यंत्र कुठे आहे, चालू कसं करायचं, प्रती कोणाकडे आहेत, आणि पासवर्ड. एक कागद कपाटात, दुसरा दुसऱ्या गावी सुनेकडे. तिने वाचून विचारलं, “हे बंद पडलं तर मी नुसते फोटो काढून घेऊ शकते ना?” त्या प्रश्नानंतर आम्ही कागदावर चार ओळी वाढवल्या, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला कशी जोडायची त्याच्या.