सोलर पंपाच्या वायरीचा जोड : त्यामागचे नियम कसे आले



२०१९ च्या प्रधानमंत्री कुसुम योजनेतून आणि पुढे २०२४ मध्ये आलेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून आपल्याकडे शेतोशेती सोलर पॅनेल उभे राहिले. पॅनेल धुवायचे कसे, कोणत्या बाजूला तोंड करायचे, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण पॅनेलच्या पाठीमागे दोन वायरी जिथे एकमेकींत अडकवलेल्या असतात, तो काळा, बोटाएवढा जोड कुणी वाकून बघत नाही. त्याला कनेक्टर म्हणतात. एवढ्याशा वस्तूवर देशोदेशी नियम झाले आहेत. ते का करावे लागले, त्याची ही हकीकत.

सिलिकॉनचा सूर्यघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगाला दाखवला. सुरुवातीला तो उपग्रहांवरच जास्त चालला. पुढे जमिनीवर जे पॅनेल आले ते बहुतेक १२ व्होल्टची बॅटरी भरण्यापुरते. पाठीमागच्या डबीत स्क्रू असायचा. वायर सोलायची, स्क्रूखाली आवळायची, झालं काम. बारा व्होल्टला हात लागला तरी झटका म्हणून काही बसत नाही. त्यामुळे जोडाची कुणाला काळजी नव्हती.

मग व्होल्ट वाढले. जड नांगराला एका बैलजोडीपुढे दुसरी, दुसरीपुढे तिसरी जुंपली की ओढ वाढते, तसेच पॅनेलचे आहे. चाळीस व्होल्टचे दहा पॅनेल एका माळेत जोडले की टोकाला चारशे व्होल्ट मिळतात. आपल्या पंपाच्या मांडणीत असलाच हिशेब असतो. आणि ही वीज घरातल्या विजेसारखी नाही, हे पक्कं ध्यानात घ्या. घरातली वीज चाळणीसारखी मागेपुढे हलते, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. म्हणून बटण बंद करताना पडलेली ठिणगी तिथल्या तिथे विझते. पॅनेलची वीज पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते, मध्ये थांबतच नाही. चालू पंपाचा जोड ओढला तर दोन टोकांत जाळ धरतो आणि ऊन आहे तोवर तो तसाच राहू शकतो. हात भाजतो, प्लॅस्टिक पेटते, आणि खाली वाळलेले गवत असेल तर पुढचे सांगायला नको.

अमेरिकेत विजेच्या वायरिंगची एक राष्ट्रीय नियमावली १८९७ पासून आहे. दर तीन वर्षांनी ती सुधारतात. सोलरसाठी तिच्यात ६९० क्रमांकाचे स्वतंत्र प्रकरण १९८४ साली घातले गेले. कनेक्टरबद्दल त्या प्रकरणाचे म्हणणे साधे आहे. अधिक-उणे उलटे बसता कामा नये, उघड्या धातूला बोट लागता कामा नये, आणि जोड आपोआप सुटता कामा नये.

बाजारात मात्र जरा वेगळे घडले. स्वित्झर्लंडच्या मल्टी-कॉन्टॅक्ट कंपनीने १९९६ मध्ये एमसी-३ नावाचा खटकन बसणारा जोड काढला. आतला दांडा तीन मिलिमीटरचा, म्हणून तीन. लावायला सोपा, पण कुलूप नाही, नुसता घट्ट बसायचा. ओढला की निघायचा. नंतर चार मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी चाप असलेला एमसी-४ आला. अमेरिकेच्या नियमावलीने २००८ साली ठरवले की, हात पोचेल अशा जागी तीस व्होल्टच्या वर चालणारा जोड अवजाराशिवाय उघडता कामा नये. तिथे एमसी-३ मागे पडला. तुमच्या पॅनेलमागे आज जे दिसते ते एमसी-४ च्याच घराण्यातले.

आता खरी गोम. एमसी-४ खपू लागला तसे अनेकांनी त्याच्यासारखे जोड काढले. एका कंपनीचा नर, दुसरीची मादी, खटकन बसतात. बसतात म्हणून जमतात असे नव्हे! आतल्या धातूवरचा मुलामा वेगळा, मापात केसभर फरक, रबराची कडी वेगळी. पहिल्या वर्षी काही कळत नाही. मग ऊन, पाऊस आणि धूळ आपले काम करतात. चांगल्या जोडाचा विजेला होणारा अडथळा ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो वाढून एक दशांश ओहम झाला, तर दहा अँपिअरला तिथे दहा वॅट उष्णता तयार होते. दहा वॅट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ती बोटाएवढ्या बंद जागेत दिवसभर कोंडते.

जर्मनीत फ्राउनहोफर संस्था आणि टीयूव्ही ऱ्हाइनलँड यांनी याचा शोध घेतला. सुमारे तेरा लाख संचांमागे, संचामुळेच झालेल्या जळिताच्या घटना २१० च्या आसपास निघाल्या. प्रमाण थोडे आहे, घाबरायचे कारण नाही. पण वायरीचे जोड हे त्यातले एक ठळक कारण होते. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने २०१४ मध्ये या कनेक्टरांसाठी वेगळे मानक काढले. आयोगाच्याच सोलर मांडणीच्या २०१६ च्या मानकात स्पष्ट आहे : जोडाचे दोन्ही भाग एकाच प्रकारचे आणि एकाच उत्पादकाचे हवेत. अमेरिकेच्या नियमावलीने २०२० मध्ये तेच घेतले. वेगळे चालतील, पण ते एकमेकांशी जुळतात अशी तपासणी होऊन नोंद असेल तरच. दुकानदार 'एमसी-४ला चालतो' म्हणतो, ते त्याचे म्हणणे, तपासणी नव्हे.

आपल्याकडे घोटाळा होतो तो दुरुस्तीत. उंदराने वायर कुरतडली, गावातला वायरमन मिळेल तो जोड घालतो, पकडीने चेपतो, वर टेप गुंडाळतो. याला चेपणीचे खास हत्यार लागते. कुसुमच्या पंपाला पुरवठादाराची पाच वर्षे देखभाल आहे, तर त्याच्याच माणसाला बोलवा. जोड उघडण्याआधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्वीच बंद, हा क्रम त्यालाही पाळायला लावा. स्वीच पाडला तरी उजेडात पॅनेलकडच्या वायरीत व्होल्ट असतातच.

आठवड्याने पॅनेल धुताना खाली वाकून नजर टाका. जोड चिखलात लोंबत असेल तर पुरवठादाराला कळवून सांगाड्याला वर बांधून घ्या. काळवंडलेला किंवा वितळलेला दिसला तर हात लावू नका, पंप बंद करून कळवा. कनेक्टरवर उत्पादकाचे नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. ते पंपाच्या कागदांवर लिहून ठेवा, म्हणजे बदलायच्या वेळी त्याच नावाची जोडी मागता येईल.